स्प्लिटचा दिवा

दादानं बसवून दिलेला रेडिओ सेट अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्यावरचं एक बटण मी चिकटपट्टी लावून झाकून टाकलंय. घरी येणारे विचारतात, मॅडम, ते बटण मोडलंय का? मी म्हणते, हो, मोडलंय. शहापूरच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवण्यात गेली, खोटं बोललं की मुलांना मी कोपऱ्यात उभं करायची. आणि या एका बटणापायी मीच इतकं खोटं बोललेय की आता जीभ अडखळतसुद्धा नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेत सिग्नलच्या कामावर सतरा वर्षं काढून गावी परतला आणि भातशेती करायला लागला. गाव आमचं मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. म्हशावरून पुढे एसटी जिथे हात टेकते तिथून तासभर चालायचं, मधे ओढा, ओढ्यावर साकव. साकव म्हणजे काय, तीन ओंडके आडवे टाकलेले आणि वर फळ्या. गावात एक फोन होता, तो पावसाळाभर मेलेला. पण दादाच्या पडवीत सेट होता, म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या घोंगडीखाली झाकलेला, आणि तसाच दुसरा त्यानं माझ्या शहापूरच्या खोलीवर आणून बसवला होता. मागे लागून लागून मलाही परीक्षा द्यायला लावली, परवाना काढायला लावला. हॅम रेडिओ म्हणतात त्याला, हौशी लोकांचा रेडिओ. छपरावर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्यांशी बोलायचं.

आमची वेळ रोज सकाळी सातची. घरात मला सगळे बाय म्हणायचे. सातला तो हाक मारणार, "बाय, ए बाय." मी गप्प. पुन्हा, "ए बाय." तरी मी गप्प. तिसऱ्यांदा हाक आली की मग मी माईकचं बटण दाबून म्हणायची, "ओ." हा आमचा लहानपणापासूनचा खेळ. आमच्याकडे अजून पाळतात ते. रानातून किंवा शेताच्या पलीकडून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. जिवंत माणूस तिसरी हाक मारतो. दुसरं जे काय असतं ते दोनदाच मारतं, आणि तेवढ्यात ओ दिली तर घेऊन जातं. आई हे इतक्या सहज सांगायची, जसं काही भाताला मीठ घालायला सांगतेय. फौजेत राहून आलेला दादा आणि विज्ञान शिकवणारी मी, दोघं याच्यावर हसायचो आणि दोघंही ते पाळायचो.

तसा दादा नियमाचा भारी कडक. सेटवर परवानेवाल्यानंच बोलायचं. वहिनी एकदा माझ्या खोलीवर राहायला आली होती. सातला त्याचा आवाज ऐकून म्हणाली, ताई, मी दोन शब्द बोलू काय? मी त्याला विचारलं. "तिला परवाना नाय," म्हणाला. "अरे, बायको आहे तुझी!" "बायकोचा परवाना हाय, रेडिओचा नाय." वहिनी हसली खरी, पण त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. चारचौघांत तो तिला हाकही मारायचा नाही. घरात काय ते "अगो." नवरा-बायको त्या सेटवर कधी बोलले नाहीत.

मला मात्र त्यानं सगळं शिकवलं. स्प्लिटसुद्धा त्यानंच. एरवी आपण जिथे ऐकतो तिथेच बोलतो. पण एखाद्या लांबच्या बेटावरचं दुर्मिळ स्टेशन लागलं की जगभरचे हौशी त्याच्यावर तुटून पडतात. शंभर जण एकाच जागी ओरडायला लागले की त्याचाच आवाज बुडतो. म्हणून तो सांगतो, मी इथे बोलतो, तुम्ही थोडं वर जाऊन बोला, मी तिथे ऐकेन. रेशनच्या दुकानात कार्ड एका खिडकीत द्यायचं आणि धान्य दुसऱ्या खिडकीत घ्यायचं, तसं. त्यासाठी सेटवर ते बटण. दाबलं की एवढासा लाल दिवा लागतो आणि सेट ऐकतो एकीकडे, बोलतो दुसरीकडे. चकती फिरवून ऐकायची जागा बदलली तरी बोलायची जागा आत मुकाट तिथेच राहते. दादा बजावायचा, "काम झालं का आधी स्प्लिट बंद. मंग चहा." मी म्हणायची, "मी काय पहिलीतली पोर आहे?"

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. दादाचं लग्न उशिरा झालेलं, आणि पहिलं बाळ भर पावसात वहिनीला झोळी करून आणताना वाटेतच गेलं होतं. वहिनी तेव्हा कशीबशी वाचली. म्हणून दुसऱ्या खेपेला दादानं तिला महिनाभर आधीच माझ्याकडे शहापूरला आणून ठेवलं. "भाताची आवणी उरकली का येतो," म्हणाला आणि गावी गेला. मग पावसानं धरलं ते धरलंच. रस्ता बंद, एसटी बंद. दादा तिकडे अडकला आणि रोज सातला विचारायला लागला, "काय?" मी सांगायची, "अजून काही नाही."

एका सकाळी सांगावं लागलं, "कळा सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणतात बाळ आडवं आहे, अवघड आहे." तो म्हणाला, "मी निघू?" मी कडाडले, "वेड लागलंय का तुला? साकवावरून पाणी जात असेल. मी सांगितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. उद्या सातला सांगते." तो म्हणाला, "बरं. तू सांगितल्याशिवाय नाय हलत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली. पोट फाडावं लागलं, पण दोघी सुखरूप. मी तिला हातात घेतलं. कपाळ थेट दादाचं. सहाच्या सुमाराला मी खोलीवर आले, भिजलेली, उपाशी, आणि आनंदानं नुसती येडी झालेली. सातला अजून वेळ होता. सहज म्हणून सेट लावला तर आफ्रिकेच्याही पलीकडचं, दोन वर्षं मी ज्याच्या मागे होते ते बेट बोलत होतं. म्हटलं, आज दिवसच आपला आहे. स्प्लिट दाबलं, वर जाऊन बोलायला लागले. अर्धा तास घसा फोडला आणि त्यानं माझं नाव घेतलं! मी खोलीत एकटीनंच टाळ्या पिटल्या. एका कागदावर त्या बेटाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दादाला सांगताना डोळ्यांसमोर असावं म्हणून सेटच्या तोंडाला टेकवून ठेवलं. तो कागद नेमका लाल दिव्यावर. बेटवाल्यानं पाच-दहा मिनिटांत गाशा गुंडाळला. सात वाजले. मी चकती फिरवून दादाच्या जागेवर आले.

"बाय, ए बाय."

मी हसत गप्प बसले. दुसरी हाक आली. तिसरी आली. मी माईकचं बटण दाबलं आणि ओरडले, "ओ! ओ दादा! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत! निघू नको, पाणी उतरू दे!"

बटण सोडलं. थोडी खरखर. आणि मग, "बाय, ए बाय."

मला वाटलं, नाटक करतोय. खरंच तसं वाटलं, आणि हे सांगताना आजही अंग जळतं माझं. मी म्हटलं, "पुरे की सोंगं! मुलगी झाली म्हणतेय ना, पेढे आण." आणि हसले. तो पुन्हा हाका मारायला लागला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझा आवाज त्याला जात नाहीये. मी तारा हलवल्या. बॅटरीची टोकं आवळली. बोलताना सेटवरचा काटा झोकात हलत होता, म्हणजे आवाज बाहेर पडत होता. मग जातो कुठे? मी तेच तेच ओरडत राहिले, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, निघू नको. शेजारीण दाराशी येऊन बघून गेली.

आणि त्याचं सगळं मला ऐकू येत होतं. शब्द न् शब्द.

"बाय, बॅटरी भरलेली हाय तुझी, मीच भरून ठेवलीय. सेट तुझा चालूच असंल. तू कदी सात चुकवत नायस." मग थांबला. "सांगवत नाय ना तुला?" पुन्हा थांबला. मी इकडे किंचाळत होते. तो म्हणाला, "राहू दे. कळलं मला."

मला वाटलं आता सेट बंद करील. पण त्यानं मला नाही, तिला हाक मारली. नियमाचा एवढा पक्का माणूस, सगळ्या दुनियेला ऐकू जाईल अशा जागी बायकोला हाक मारत होता.

"अगो."

जरा वेळानं पुन्हा, "अगो." आवाज फुटलेला. मग घाईघाईनं म्हणाला, "निघालो मी. मी येतोय तवर थांब."

खट्ट. बंद.

मी रागानं टेबलावर मूठ आपटली. कागद खाली पडला. लाल दिवा लागलेला होता.

स्प्लिटचं बटण दाबलं, दिवा विझला, आणि मी त्याच्या जागेवर, बरोबर जागेवर, अर्धा तास बोलत राहिले. पण तो उठला की आधी बॅटरीची वायर काढायचा, फौजेतली सवय. मी स्टॅंडवर धावले. मुरबाडच्या पुढे काहीच जात नव्हतं. पोलीस चौकीत गेले, ते म्हणाले पाणी उतरल्याशिवाय तिकडे कसं जाणार, बाई. दुपारी तो साकवावर चढल्याचं पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं पाहिलं होतं. उतरताना कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन वाड्या खाली, करवंदीच्या जाळीत सापडला.

मयताला जमलेल्या बायका म्हणाल्या, पावसात आवाज जात नसंल. मी मान हलवली. वहिनीनं विचारलं तेव्हा तर मी सरळ सांगितलं, "विजा होत होत्या, मी सेट लावलाच नाही त्या सकाळी." टाक्यांवर हात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग त्यांनी हाक मारली आसंल आन् ओ नाय आली," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं त्या सेटकडे कधी पाहिलं नाही. ती आणि पोर माझ्याकडेच राहिल्या, दुसरीकडे जायचं तरी कुठे? एका ताटात जेवायचो आम्ही, आणि माझ्या पोटात ते सगळं तसंच होतं.

सातची वेळ मी सोडली नाही. रोज त्याच जागेवर सेट लावून बसायची. नुसती खरखर. कधीकधी खरखरीत, शपथेवर सांगते, "बाय" ऐकू यायचं. पुन्हा एकदा यायचं. मी श्वास रोखून तिसरीची वाट बघायची. तिसरी कधीच आली नाही. वर्गात मी शिकवायची की आवाज म्हणजे कंपनं, आणि शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा गुरं राखणाऱ्या बायका सांगायला लागल्या, साकवाकडे आता दुपारची गुरं नेत नाय आमी. तिथं कोणतरी हाक मारतं. मी फटकारलं त्यांना, "काहीतरी बोलू नका! कोण मारणार हाक?" त्यातली एक खाली बघून म्हणाली, "बायकोला मारतात तशी मारतं, ताई. दोनदा मारतं. तिसरी नाय मारीत." दादा काय म्हणाला ते माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. भर दुपारी मी एकटी साकवावर जाऊन उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. पाणी वाहत होतं. बाकी काही नाही. पण परत फिरताना मागे वळून बघायची छाती झाली नाही.

पोर तीन वर्षांची होत आली त्या उन्हाळ्यात एक पाकीट आलं. हौशी लोक बोलणं झालं की, कधी नुसतं कानावर पडलं तरी, एकमेकांना कार्डं पाठवतात, ती गठ्ठ्यागठ्ठ्यानं फिरत फिरत दोन-तीन वर्षांनी पोचतात. मी खर्डीला एका लग्नाला गेले होते. दुपारी घरी आले तर वहिनी सेटच्या टेबलाजवळ उभी. पाकीट फोडलेलं आणि हातात एक कार्ड. वहिनी सातवी शिकलेली, वाचायची चांगलं.

"ताई," ती म्हणाली, "हे तुमी वाचा."

कार्ड मराठीत होतं, घाटावरच्या, पार सीमेजवळच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांचं. अक्षर सुवाच्य. त्या सकाळची तारीख, सात वाजून पाच मिनिटं, आणि जिथे मी बेटासाठी ओरडत होते ती जागा. खाली लिहिलं होतं: "ताई, तुमचा आवाज फारच स्वच्छ आला. समोरची बाजू मला ऐकू आली नाही. मुलगी झाल्याची वार्ता कानी पडली, म्हणून अभिनंदन करायला मी तीनदा हाक मारली, पण आपण बोलण्यात गर्क होता. मुलीला अनेक आशीर्वाद. तिचे वडील एव्हाना येऊन लेकीला पाहून गेले असतील."



"तुमी तर म्हणाला होतात सेट लावलाच नाय," वहिनी म्हणाली.

मग सगळं सांगितलं. बेट, कागद, दिवा. बटण दाखवलं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं, दाबलं नाही. म्हणाली, "एवढंसं?" मी रडत होते, ती नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, मला मार. शिव्या दे. काहीतरी कर." ती म्हणाली, "त्यांचं तुमाला ऐकू येत होतं काय?"

"हो."

"काय म्हणाले?"

तीन वर्षं मी हाच प्रश्न टाळला होता. माझी चूक लपवायला मी तिच्या नवऱ्याचे शेवटचे शब्द दाबून ठेवले होते, तिच्या मालकीचे होते ते. मी सांगितलं, "तुला हाक मारली त्यानं."

"मला? त्याच्यावर?" तिनं सेटकडे बोट केलं. "परवाना नाय ना मला."

"मारली. अगो म्हणाला. मग म्हणाला, निघालो मी, मी येतोय तवर थांब."

ती खाली बसली, कार्डाच्या कडा चाचपू लागली. बाहेर अंगणात पोर कोंबडीमागे धावत होती, तिचा आवाज येत होता. मग वहिनीनं विचारलं, "किती वेळा मारली?"

"दोनदा."

"तिसरी?"

"तिसरी नाही मारली."

ती उठली. डोक्यावरून पदर सारखा केला, जसा तो घरात आला की करायची. टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमी मारा."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा माईक हातात घेतला, सेट बंदच होता, तरी घेतला. दादासारखंच, खालच्या पट्टीत म्हटलं, "अगो."

वहिनीनं डोळे मिटले.

"ओ," ती म्हणाली.